एक सोडून एक मंगळवार

मी गाडी चालवतो. स्नायूंमधलं मला काही कळत नाही.
नारीनहून पहाटे निघतो, डिझेल गोठू नये म्हणून
टाकीखाली निखाऱ्यांची परात सरकवून.
शेजारच्या सीटवर गुलबार्चिन बाई,
मांडीवर पिशवी : पट्ट्या, फोमचे तुकडे
आणि कोन मोजायचा तो प्लास्टिकचा पंखा
जो पोरांना खेळणं वाटतो.

आधी महिन्यातून दोनदा.
मग एकदा.
मग कचेरीत कुणीतरी नकाशावर खिंड पाहिली
आणि म्हणालं, जमेल तेव्हा.

पलीकडे बुरुल्चा राहते. तिची सेझिम सात वर्षांची.
हसते तेव्हा आधी तिचे हात हसतात, भलतीकडेच उडतात,
चेहरा मागाहून पोचतो.
पोटऱ्या मात्र रुसलेल्या. टाच भुईला टेकत नाही.

बाई वाटेत सांगायच्या, स्वतःशी बोलल्यासारखं :
हाड वाढतं, स्नायू मागे राहतो.
रोज ताणायचा, आणि कुणीतरी येऊन बघायचं
बरोबर ताणतोय का ते.
नोव्हेंबरात सोडलेला पाय
मार्चमध्ये तोच पाय नसतो, तोक्तोसुन.
मी हूं म्हणायचो.
वळणांवर मी बोलत नाही.

या फेब्रुवारीत सीट रिकामी.
बाईंना ओशला पाठवलं, तिथे मुलं जास्त आहेत म्हणे.
पिशवी तेवढी माझ्याकडे दिली.

बुरुल्चा रस्त्यावर उभी होती,
पाठीवर सेझिम, नमद्यात गुंडाळलेली.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, सीटकडे पाहिलं,
बराच वेळ,
जणू बाई गादीच्या उसवलेल्या शिवणीत
कुठेतरी असतील.

मग म्हणाली, चहा घे.

चहा ओतता ओतता म्हणाली :
दोन वर्षं दारात बसून बघितलंयस.
टाच धर. गुडघा मी धरते.
ही आज लाथा झाडते, मला हात दोनच.
म्हटलं, माझे हात ग्रीसचे.
म्हणाली, धू.

टाच माझ्या तळव्यात मावली. कडक,
थंडीतल्या गिअरसारखी.
आणि हे मात्र मला कळतं.
थंड गिअरला जोर लावला की दात तुटतात.
हात ठेवायचा, थांबायचं,
आतून काही सैल होईतो.
झालं. अर्ध्या मिनिटानं, नखाएवढं.
सेझिमचा हात उडाला, माझी टोपी
सरळ चुलीच्या राखेत.
आम्ही तिघंही हसलो. ती सगळ्यात शेवटी थांबली.

कचेरीत ही गोष्ट पोचली कशी कोण जाणे.
ड्रायव्हरसुद्धा शिकला, म्हणाले, वा!
फोटो मागितला.
मी दिला नाही.

कारण पिशवीतला नवा स्प्लिंट
तिला बसलाच नाही. गेल्या वर्षीच्या पायाचा होता तो.
कारण पंखा उघडला तर आकडे दिसले खूप,
तिचा कुठला, ते कळेना.
बुरुल्चानं विचारलं, कमी झालंय की जास्त?
मी पंखा मिटला.
चहा निवला होता, तो प्यायलो.

परतताना पिशवी सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला,
का, ते विचारू नका.
खिंडीच्या माथ्यावर फोन लागतो, तिथे थांबलो.
म्हटलं, डिझेल माझं. गाडी माझी. बाई द्या.
पलीकडे कुणीतरी टाइप करत होतं.
कुठला वार?
मंगळवार. एक सोडून एक.
लिहून घेतो, म्हणाले.

काचेवर वाफ धरली होती.
मीही लिहून घेतलं, बोटानं, मोठ्या अक्षरांत :
मंगळवार.
उतार लागला तरी वाचता येत होतं.
खालच्या पुलाजवळ
अक्षरांना पाय फुटले
आणि ती काचेवरून ओघळत, वाकडी,
एकमेकींना धरून
खाली उतरू लागली.